खुर्चीसमोर वाचलेलं मृत्युपत्र

३ मार्च

प्रिय भिंगऱ्या,

तुझ्या वकिलांची नोटीस मिळाली. जाड कागद, वर गोल शिक्का, आणि आत मी 'प्रतिवादी क्रमांक एक'. क्रमांक दोन कोण म्हणून शेवटच्या पानापर्यंत शोधलं, कुणीच नाही. लहानपणी कुठल्याच खेळात तू मला पहिला नंबर घेऊ दिला नाहीस, तो आता वकिलाकरवी दिलास. आभारी आहे.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं बाबा म्हणायचे. आपल्या दोघांत शहाणं कोण हा वाद तुला दात आले तेव्हापासूनचा आहे, त्याचाही निकाल एकदाचा लागून जाईल.

तुझं म्हणणं मी दोनदा वाचलं. मृत्युपत्रावर सही केली तेव्हा बाबांना दिसत नव्हतं, समोरचा कागद त्यांनी वाचलेलाच नाही, म्हणून ते मृत्युपत्र रद्द करावं आणि घराचे दोन हिस्से करून विकावं. बाबा, ज्यांनी जन्मभर लोकांचे डोळे बनवले, ते आंधळे! लिहिताना तुला काहीच वाटलं नाही? आई गेली तेव्हा तू दोन दिवस इथे होतास. तेवढ्यात त्यांनी पाणी पेल्याबाहेर ओतलेलं तुला दिसलं म्हणे. बायको गेलेल्या माणसाचा हात थरथरला तर तो आंधळा ठरतो का? बाबांची नजर शेवटपर्यंत घारीसारखी होती. हे मी कोर्टातही सांगेन.

तू इतकी वर्षं घरात नाहीस, म्हणून सांगते. कामाची खोली आहे तशीच आहे. उत्तरेची मोठी खिडकी, तिच्यासमोर गिऱ्हाइकाची खुर्ची, तिच्यासमोर आपलं टेबल. ज्याचा एक डोळा गेलाय त्याने खुर्चीत बसायचं, आणि त्याच्या राहिलेल्या डोळ्याकडे बघत बघत आपण दुसरा रंगवायचा. लोक अजून 'काचेचा डोळा' म्हणतात. काच तर तुझ्या त्या दिवसानंतर या घरात आलीच नाही. बाबांनी फुंकनळ्या, भट्टी, सगळं भंगारात घातलं आणि प्लास्टिकचं काम नव्याने शिकले. तुला हे माहीत आहे, तरी लिहिते, कारण नोटिशीत तू या खोलीला 'व्यावसायिक गाळा' म्हटलंयस.

कोर्टाबाहेर बोलू या का? ये एकदा. मी चहा तरी तुझ्या वकिलापेक्षा स्वस्तात देईन.

तुझी,
ताई


१८ मार्च

भिंगऱ्या,

तुझ्या वकिलांनी कळवलंय की मी त्यांच्या अशिलाशी परस्पर पत्रव्यवहार करू नये. त्यांना सांग, त्यांच्या अशिलाचं शेंबडं नाक मी पुसलेलं आहे, आणि तेव्हा कुणाची लेखी परवानगी घेतली नव्हती.

मीही वकील केलाय. बाई आहेत, माझ्याहून लहान, आणि इतक्या भराभर बोलतात की मला दर वाक्यानंतर धाप लागते. त्या म्हणतात, केस आपल्या बाजूने भक्कम आहे. मृत्युपत्र ज्यांनी केलं ते आपले म्हातारे वकील अजून आहेत, आणि ते शपथेवर सांगणार आहेत की बाबांनी त्यांच्यासमोर एकेक पान सावकाश वाचलं, एका ठिकाणी मागे जाऊन पुन्हा वाचलं, मग सही केली. यावर तुझे वकील काय बोलणार?

काम चालू आहे. परवा शाळेतल्या बाई आल्या होत्या, दर काही वर्षांनी डोळा बदलून घेतात त्याच. खोबणीचा आकार बदलत जातो, जुना डोळा टोचायला लागतो, तुला माहीतच आहे. खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या बाबांसारखा हात कुणाचा नाही गं. तू प्रयत्न कर, मी सांभाळून घेईन." मी हसले. त्यांचा आत्ताचा डोळा, ज्याचं कौतुक चाललं होतं, तो

तो राहू दे.

एक गोष्ट सांगते, हसू नकोस. बाईंचं बुबुळ रंगवत होते. तपकिरीवर हिरव्याचा हात फिरवला, ब्रश खाली ठेवला, आणि मी बोलले, "चांगला आलाय." बाई म्हणाल्या, "काय?" मी म्हटलं, काही नाही. पण मला कुणीतरी विचारलं होतं. "रंग कसा आलाय?" अगदी टेबलाच्या डाव्या बाजूने, बाबा बसायचे तिथून. सकाळची वेळ, खिडकीतून लख्ख उजेड, समोर जितीजागती बाई, आणि मी गेलेल्या माणसाला उत्तर देऊन बसले.

हे पहिल्यांदा झालं नाही. बाबा गेल्यापासून होतंय. आधी मला बरं वाटायचं, आता भीती वाटते. घरात दुसरं कुणी नाही, म्हणून तुला लिहिते. तू माझ्यावर फिर्याद केली आहेस, तरी बाबांचा आवाज ओळखणारं माणूस या जगात तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

ताई


९ एप्रिल

भिंगऱ्या,

कोर्टात तुला पाहिलं. केस पिकलेत तुझे, आणि बाबांसारखा एक खांदा खाली टाकून चालायला लागलायस. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. मी मात्र सगळा वेळ तुझ्याकडेच बघत होते, वकीलबाईंनी दोनदा कोपराने ढोसलं.

आधी घरची गंमत ऐक. मिळकतीची यादी करायला कोर्टाचे कारकून आले होते. टेबल एक, खुर्च्या दोन, दिवा एक, असं गुणगुणत लिहीत होते. मग त्यांनी कपाटाचा सपाट खण ओढला. कापसावर मांडून ठेवलेले जुने नमुन्याचे डोळे, सगळे छताकडे बघणारे. खण त्यांच्या पुढ्यात आला तसे ते सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. कारकून उठून उभेच राहिले. म्हणाले, "बाई, हे जरा पालथे करा, मग मोजतो." मी म्हटलं, "साहेब, हे वाटून कसे देणार? एक त्याला, एक मला?" ते हसले नाहीत. 'किरकोळ सामान' असं लिहून खण त्यांनी पायाने बंद केला.

आता मुद्द्याचं. वकीलबाईंच्या डोक्यात ती कल्पना माझ्याचमुळे आली. बोलता बोलता मी सांगून बसले की मृत्युपत्रावर सही झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी बाबांनी तुला नवीन डोळा पाठवला होता. बाईंनी टेबलावर हात मारला. "अहो, मग अजून काय पाहिजे? माणूस आंधळा होता म्हणणाऱ्याच्याच खोबणीत पुरावा बसलाय!"

पुढचं तू भोगलंच आहेस. त्यांनी अर्ज केला, न्यायाधीशांनी मान्य केला, आणि तुला शेजारच्या खोलीत जाऊन डोळा काढून द्यावा लागला. तू काळा चष्मा लावून बाहेर आलास. कारकुनाने डोळा पाकिटात घातला, पाकिटाला चिठ्ठी बांधली. मग ते बाबांचे जुने प्रतिस्पर्धी, पलीकडच्या शहरातले डोळेवाले आजोबा, त्यांनी भिंगाखाली बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "नजर शाबूत असल्याशिवाय हे काम होणं शक्य नाही." वकीलबाईंनी माझा हात दाबला. आपण जिंकल्यात जमा, म्हणाल्या.

मी जिंकले तर हे घर माझं, ही खिडकी माझी. हरले तर तू विकणार, मला दुसरीकडे कुठे उत्तरेचा उजेड मिळणार आहे? या वयात दुसरं काम शिकण्यातली मी नाही. हे सगळं मला कळतं. तरीही मी तुला हात जोडून सांगते, दावा मागे घे. कारण विचारू नकोस. पुढच्या तारखेला माझी साक्ष आहे, त्याच्या आत मागे घे.

तू बाहेर व्हरांड्यात तुझ्या वकिलांना म्हणालास ते मला ऐकू आलं. "तो डोळा सांभाळून ठेवायला सांगा. बाबांनी माझ्यासाठी हाताने केलेली तेवढी एकच गोष्ट माझ्याजवळ आहे." तू ते असं म्हणालास, आणि मी खांबामागे उभी होते.

ताई


२ मे

भिंगऱ्या,

तू दावा मागे घेतला नाहीस. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, आणि तो पीळ कुणाकडून आलाय ते आपल्याला दोघांनाही ठाऊक आहे. मग आता ऐक. हे पत्र तू तुझ्या वकिलाला दाखवलंस तर उद्याच जिंकशील. दाखव, माझी हरकत नाही.

बाबांना दिसत नव्हतं.

काचबिंदू होता. कडेकडेने अंधार येत गेला आणि शेवटची काही वर्षं मध्येही काही उरलं नाही. आईला आणि मला माहीत होतं, तिसऱ्या कुणाला नाही. डॉक्टरकडेही लांबच्या गावी जायचे. "डोळे बनवणाराच आंधळा म्हटल्यावर या खुर्चीत कोण बसेल?" असं म्हणायचे, आणि त्यात खोटं काय होतं? त्यांनी आम्हा दोघींकडून शब्द घेतला. आई तो घेऊन गेली.

काम कसं चालायचं विचारशील. बाबा गिऱ्हाइकासमोर बसायचे, हातात ब्रश धरायचे, गप्पा मारायचे. गप्पा मारायला त्यांच्यासारखं कुणी नव्हतंच. मी बाजूला रंग घोटते आहे असं दाखवून गिऱ्हाइकाचा डोळा बघून घ्यायची. मग बाबा म्हणायचे, "जरा वाळवून आणतो," आणि पडद्यामागे यायचे. रंगवायची मी. ते शेजारी बसून विचारायचे, "रंग कसा आलाय?" मी म्हणायची, चांगला आलाय. मग ते डोळा तळहातावर घेऊन बाहेर जायचे आणि लोक वाहवा करायचे. शाळेतल्या बाईंचा डोळाही तसाच झाला. मला राग यायचा का? यायचा. पण बाहेरून येताना ते माझ्या डोक्यावर हात ठेवायचे, बरोबर डोक्यावर, एकदाही चुकला नाही.

आता मृत्युपत्र. सहीला जायच्या आधी बाबांनी घरी तालीम केली. मी समोर बसायची, ते हातात वर्तमानपत्र धरून वाचायचं सोंग करायचे. वाचणाऱ्याचा डोळा कसा चालतो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? तो सरळ सरकत नाही, छोट्या छोट्या उड्या मारत जातो, ओळीच्या शेवटी झटकन मागे येतो. मध्येच थांबून दोन ओळी वर जायचं हेही त्यांनी बसवलं होतं. मी हसून हसून बेजार झाले होते. म्हातारे वकील शपथेवर जे सांगतायत ते तेच नाटक आहे. ते बिचारे खोटं बोलत नाहीत.

मला नफा होणार म्हणून मी आत बसायचं नाही, असं वकिलांनी सांगितलं. मी बाहेर बाकावर. दार उघडंच होतं. वकिलांनी विचारलं, "वाचून दाखवू का?" आणि बाबा ताडकन म्हणाले, "का? मला वाचता येतं." असं म्हणायची तालीम आम्ही केली नव्हती. ते आपोआप आलं.

घरी येताना गाडीत ते खुशीत होते. माझा हात थोपटून म्हणाले, "आता दोघांचं झालं. लेकराचं मन राहिलं." तू निघून गेलास तेव्हा त्यांनी संतापाने एक मृत्युपत्र करायला सांगितलं होतं, सगळं मुलीला म्हणून. त्यावर सही केली नव्हती, मसुदा वकिलांकडे पडून होता. तो आता बदलायचा म्हणून त्यांनी फोन केला होता. पुढे काय घोटाळा झाला, म्हाताऱ्या वकिलांच्या लक्षात राहिलं नाही की टाइप करणाऱ्याने जुनंच काढलं, मला ठाऊक नाही. बाबा गेल्यावर पाकीट फोडलं तर आत मी एकटी. बाबांनी पुन्हा मन बदललं असेल, असं मी मनाशी म्हटलं. तसं म्हणणं सोयीचं होतं, आणि मला या खिडकीचा लोभ आहे.

पण बाबा ऐकेनात. माझं साक्षीचं समन्स आलं त्या दिवसापासून ते रंग विचारत नाहीत. ब्रश हातात घेतला की डावीकडून येतं, "वाचून दाखव." ओरडून नाही. लहान मूल पुस्तक घेऊन मागे लागतं तसं. "वाचून दाखव ना." गिऱ्हाईक समोर असलं तरी. एकदा हात इतका हलला की लाल रेशमाचा धागा, पांढऱ्या भागावर शीर म्हणून बसवतो तो, बाहुलीत जाऊन चिकटला. तो डोळा टाकून द्यावा लागला.

काल सकाळी मी खोलीचं दार लावून घेतलं, मृत्युपत्र काढलं आणि खुर्चीसमोर बसले. वाचलं. 'मी, शरीराने व मनाने सुदृढ असताना' पासून सगळं. 'राहतं घर व कामाची खोली माझ्या मुलीस.' मग ते वाक्य आलं, 'माझ्या मुलाने स्वखुशीने घर सोडले असल्याने त्यास माझे काहीही देणे नाही.' तिथे मी थांबले. मी पाणी प्यायले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं, मध्ये न थांबता, शेवटच्या सहीपर्यंत. आंधळ्या माणसाची सही, भिंगऱ्या. ओळीवरून घसरत खाली गेलेली. मी ती रोज बघत होते आणि म्हातारपणाची म्हणत होते.

वाचून झाल्यावर मी उत्तराची वाट बघत बसले. खुर्ची नुसती खुर्ची होती.

आता तुझ्या डोळ्याचं. तो मी रंगवला. तुला वाटतं तसा बाबांनी हाताने केलेला नाही, आणि हे तुला सांगावं लागेल म्हणून मी दावा मागे घे म्हणत होते, घरासाठी नाही. बरं, थोडं घरासाठीही.

पण पुरतं ऐक. तुझ्या डॉक्टरांनी घेतलेला खोबणीचा साचा आला, सोबत तुझ्या उजव्या डोळ्याचा फोटो होता. मी फोटो समोर ठेवला. बाबा म्हणाले, "तो बाजूला कर. मी सांगतो." आणि ते सांगत गेले. बाहेरचं वर्तुळ किती गडद, किरण कुठे विरळ, आत कुठे पिवळसर. मी तसं रंगवलं. शेवटी म्हणाले, "बाहुलीच्या खाली, नाकाच्या अंगाला, मधाच्या रंगाचा एक ठिपका." मी म्हटलं, बाबा, फोटोत नाही. ते म्हणाले, "तू घाल."

डोळा मिळाल्यावर तू आईला लिहिलंस, बसायला झकास आहे, पण माझ्या डोळ्यात नसलेला ठिपका घातलाय, म्हातारा आता चुकायला लागला. आईने ते जेवताना वाचून दाखवलं. बाबांनी घास खाली ठेवला. मग म्हणाले, "त्या डोळ्यात होता."

आपल्या धंद्याचा पहिला धडा म्हणजे राहिलेल्या डोळ्यासारखा डोळा करायचा. बाबांनी आयुष्यभर तो धडा पाळला आणि फक्त तुझ्या वेळी मोडला. बाबांच्या हातातली काचेची नळी फुटून तुझा जो डोळा गेला, तोच त्यांनी माझ्याकडून करून घेतला. "ज्याने डोळा घेतला त्याच्याकडून डोळे करायला शिकू?" असं म्हणून तू घर सोडलंस. त्यांनी तुझी कधी माफी मागितली नाही, मला माहीत आहे. त्यांना तसं बोलताच येत नव्हतं. मला त्यांचा फार राग येतो आणि त्यांच्यावाचून करमत नाही.

पत्र टाकायला आत्ताच निघते. संध्याकाळपर्यंत ठेवलं तर फाडून टाकीन.

ताई


२७ मे

भिंगऱ्या,

तू होतास, तुला सगळं माहीत आहे. तरी माझ्या बाजूने लिहिते, कारण तू चष्म्याआडून कुठे बघत होतास ते मला कळलं नाही.

वकीलबाईंनी पाकीट उघडून विचारलं, "हा डोळा कुणी बनवला?" त्यांना उत्तर पाठ होतं. मी म्हटलं, "साचा बाबांनी केला. रंग मी दिला." बाई म्हणाल्या, "नाही, मी पुन्हा विचारते." मी म्हटलं, "पुन्हाही मीच दिला." मागे कुणीतरी फसकन हसलं. मग मी सगळं सांगितलं, पडदा, तालीम, गाडीतलं बोलणं. न्यायाधीश चष्मा काढून माझ्याकडे बघत होते.

"वडिलांना मृत्युपत्र कुणी वाचून दाखवलं नाही?"

"त्यांच्या हयातीत नाही," मी म्हणाले. लिहिणाऱ्याने मान वर करून पाहिलं, आणि तसंच लिहून घेतलं.

"हे सांगण्यात तुमचं नुकसान आहे, कळतंय ना?"

"कळतंय. घर जाईल."

तुझे वकील माझ्या वकीलबाईंइतकेच चकित झाले होते. त्यावरून मला कळलं की माझं पत्र तू त्यांना दाखवलंच नव्हतंस. ते खिशात ठेवून तू मला बोलू दिलंस. हे चांगुलपणाने केलंस की परीक्षा बघत होतास, मी ठरवू शकलेले नाही.

बाहेर डोळेवाले आजोबा भेटले. मला वाटलं आता थुंकतील. म्हणाले, "पोरी, इतके बारीक किरण तुझ्या बापाला उभ्या जन्मात जमले नव्हते. मी तेव्हाच ओळखलं होतं. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं, पण वकील विचारतील तेवढंच बोलायचं असतं म्हणे." आणि काठी टेकत गेले.

गिऱ्हाइकांना कळलंच. काहींनी ठरलेल्या वेळा मोडल्या. शाळेतल्या बाई आल्या, खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी तुलाच नावं ठेवत होते की तुझंच कौतुक करत होते?" मी म्हटलं, दोन्ही. त्यांनी डोळा घेतला, पण चहा घेतला नाही.

मृत्युपत्र रद्द होईल, वकीलबाई म्हणतात. त्या माझ्याशी आता अगदी हळू बोलतात.

खोलीत शांत आहे. कुणी काही विचारत नाही. रंग झाला की मी थांबते, डावीकडे बघते, आणि मग स्वतःच ठरवते कसा आलाय ते. मला वाटलं होतं, हे संपलं की सुटेन. सुटले नाही रे, एकटी पडले.

ताई


१४ जुलै

भिंगऱ्या,

निकालाची प्रत आणि तुझं पत्र एकाच टपालात आलं. निकाल मी नंतर वाचला. इतक्या वर्षांत तुझं अक्षर बदललेलं नाही, अजून ओळ संपायच्या आत शब्द संपत नाही तुझा.

घराबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. ते तुझ्या वकिलांनी लिहिलंय. दोन समान हिस्से, गिऱ्हाईक तयार आहे, महिनाअखेर खोली रिकामी हवी. घेणारे येऊन गेले. त्यांना उत्तरेची खिडकी बुजवून तिथे जिना काढायचाय. मी आवराआवर सुरू केलीय. रडले, खोटं कशाला सांगू. पण तुझा हिस्सा तुझा आहे, त्यात मी आता शब्द घालणार नाही.

तू मला एकच प्रश्न विचारलायस. तो ठिपका खरंच होता का? डोळा गेला तेव्हा तू शाळेतही जात नव्हतास, तुला आठवत नाही. आई नाही, बाबा नाहीत, त्या वेळचे फोटो काळेपांढरे. तू लिहितोस, "ताई, तू मोठी होतीस. तू मला रोज बघत होतीस. नीट आठवून सांग, होता की म्हाताऱ्याचा भ्रम होता?"

मी रोज आठवते आहे. तुझे डोळे मला आठवतात. चिडलेले, खोटं बोलताना इकडेतिकडे पळणारे, तापात चकाकणारे. त्यानंतरची पट्टीही आठवते. पण डाव्या डोळ्यात बाहुलीच्या खाली काय होतं, ते मला आठवत नाही, भिंगऱ्या. परक्या माणसांच्या डोळ्यातली शीर न शीर मी लक्षात ठेवली आणि माझ्या भावाचा डोळा मी कधी नीट बघितलाच नव्हता. असेलच रोज समोर, म्हणून. 'होता' असं लिहून पत्र संपवणं सोपं होतं. दोन कागद फाडले तसे लिहिलेले.

कोर्टातून डोळा परत मिळण्यासाठी तुला अर्ज करावा लागेल, तो कर. मग घाल, नाहीतर कापसात ठेवून दे. खिडकी आहे तोवर एकदा इथे ये. खुर्ची मी शेवटी बांधणार आहे. उजव्यासारखा हवा असेल तर तू समोर बस, मी बघून रंगवते, आणि या वेळी कसा आलाय ते तूच सांग. गेलेल्यासारखा हवा असेल, तर माझ्याजवळ फक्त बाबांनी सांगितलेलं आहे, आणि ते बरोबर होतं की नाही हे सांगणारं कुणी उरलेलं नाही.

मी पाहिलं ते इतकंच. ठिपक्याची जागा सांगताना बाबांचं बोट हवेत नव्हतं. ते त्यांच्या स्वतःच्या डाव्या डोळ्यावर होतं, पापणीवर टेकलेलं, आणि मी ब्रश खाली ठेवेपर्यंत त्यांनी ते उचललं नाही. एवढं मी शपथेवर सांगू शकते.

ताई